जुनापाणीची शिलावर्तुळे कशी पाहावीत?

प्राचीन वास्तू म्हटली की लेणी, मंदिरे आणि किल्ले आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. विदर्भातील शिलावर्तुळांना उंची नाही आणि कोरीव कामही नाही. नागपूरच्या वायव्येस, काटोलच्या वाटेवर, जुनापाणी येथे अशी सुमारे ३०० वर्तुळे आहेत; तरी त्यांच्यामधून चालत गेलेल्यालाही पुष्कळदा त्यांचा पत्ता लागत नाही. पावसाळ्यात गवत त्यांना झाकून टाकते. फाल्गुन-चैत्रात गवत वाळते, साग निष्पर्ण होतो, पळस फुलतो, आणि मग काळ्या धोंड्यांची कडी एकामागून एक नजरेस येऊ लागतात. ती पाहावयाची तर याच दिवसांत.

हे धोंडे कोणी व कशासाठी मांडले? सुमारे अडीच ते तीन हजार वर्षांपूर्वी येथे लोखंड वापरणारे लोक राहत होते, त्यांची ही दफनभूमी होय. मृताच्या अस्थींजवळ ते काळी-तांबडी भांडी आणि लोखंडी हत्यारे ठेवीत. वर काळ्या चिकण मातीचा थर देत, त्यावर दगडगोट्यांची भर घालीत, आणि सभोवार मोठे धोंडे लावीत. नवखा माणूस धोंडे पाहतो व मधला बसका उंचवटा सोडून देतो. वस्तुतः समाधी ती. धोंडे हे तिचे कुंपण.

या स्थळांचा शोध जुना आहे. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे टाकळघाटची वर्तुळे पाहून परतताना ४ सप्टेंबर १८६३ रोजी वाटेतील ओढ्यात बुडून मरण पावले. रिव्हेट-कार्नाक यांनी १८७९ साली जुनापाणीची हकीगत प्रसिद्ध केली. पुढे १९६१-६२ च्या सुमारास बा. के. थापर यांनी येथील तीन वर्तुळे शास्त्रशुद्ध रीतीने उकलली. माहूरझरी येथे १९७० नंतर शां. भा. देव यांच्या उत्खननात माणसांबरोबर पुरलेले घोडे मिळाले. त्यांच्या तोंडावर तांब्याचे अलंकार आणि लोखंडी लगाम होते. नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली. घोड्यालाही साज चढवून धन्याबरोबर निरोप देणारा हा समाज रानटी खचित नव्हता.

या लोकांनी आपल्यासाठी एक अक्षरही लिहून ठेवलेले नाही. तेव्हा कोणता धोंडा कोठे आहे, हेच त्यांचे लेखन. जुनापाणीच्या काही धोंड्यांवर वाटीसारखे लहान खळगे ओळीने कोरलेले आहेत. त्यांची दिशा व आकाशातील ज्योती यांचा काही संबंध आहे काय, हे अलीकडच्या काळात अभ्यासकांनी मोजून पाहिले. पण धोंडा जागचा हलला, की असे सगळे मोजमाप व्यर्थ! बांधकामासाठी नेलेला एक दगड, किंवा मुरमासाठी उकरलेला एक उंचवटा, म्हणजे त्या लेखनाचे फाडलेले पानच. जुनापाणीला कायद्याचे संरक्षण आहे. तथापि तीनशे वर्तुळांवर पहारा कोण आणि किती ठेवणार?

म्हणून आम्ही इतकेच सुचवितो. प्रथम वर्तुळाला बाहेरून एक फेरी घालावी. धोंडे मोजावे, खळगे शोधावे, मधल्या भरावावर चढू नये. खापराचा तुकडा दिसला तर पाहावा आणि असेल तेथेच राहू द्यावा. ज्यांची नावे उरली नाहीत, त्यांची निदान जागा तरी उरावी.