विश्लेषण : हौशी ड्रोनचा सिग्नल हवेत का तुटतो?

जमिनीवर सगळे सुरळीत असते. रिमोट हलवला की ड्रोन लगेच प्रतिसाद देतो. पन्नास-साठ मीटरवर गेल्यावर वेग वाढवला, की मात्र तो दाद देईनासा होतो. पहिला संशय मोबाइल टॉवरवर किंवा शेजारच्या वायफायवर जातो. पण घरी जुळवलेल्या ड्रोनमध्ये दोष अनेकदा सांगाड्यातल्या वीतभर तारांतच दडलेला असतो.

गोंगाट येतो कुठून?

प्रत्येक मोटारीमागे एक वेगनियंत्रक (ईएससी) असतो. तो बॅटरीचा प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. त्यामुळे बॅटरीच्या जाड तारांमध्ये विद्युत गोंगाट तयार होतो. रिसीव्हरची बारीक तार त्यांना चिकटून समांतर नेली, की तो तिच्यातही उतरतो. दुसरा स्रोत म्हणजे व्हिडीओ ट्रान्समीटर. दूरच्या रिमोटचा संदेश ड्रोनपर्यंत पोहोचेतो मिलिवॅटच्या अब्जांशाहूनही क्षीण झालेला असू शकतो. त्याच्या शेजारीच काहीशे मिलिवॅटचा ट्रान्समीटर सुरू असेल, तर रिसीव्हरला तो ऐकू कसा येणार?

अँटेना बसवताना काय चुकते?

२.४ गिगाहर्ट्झ लहरींची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. रिसीव्हरच्या साध्या तार-अँटेनात शेवटचा, आवरण काढलेला ३१ मिलिमीटरचा तुकडाच खरा अँटेना असतो. तो कापला गेला, दुमडला किंवा सांगाड्याला चिकटवला, की पल्ला घटतो. कार्बन फायबर वीजवाहक असल्याने लहरी अडवते. म्हणून हे टोक सांगाड्याबाहेर काढावे. दोन अँटेना असतील, तर त्या एकमेकींशी काटकोनात ठेवाव्यात.

दोष वीजपुरवठ्याचा तर नाही?

ही शक्यता आधी तपासायला हवी. चारही मोटारींनी एकदम जोर घेतला, की व्होल्टेज घसरते आणि रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. पाहणाऱ्याला मात्र सिग्नल तुटल्यासारखेच वाटते. उड्डाणाच्या नोंदीत त्याच क्षणी व्होल्टेज कोसळलेले दिसले, तर गुन्हेगार सापडला. ढिले कनेक्टर आणि कच्चे सोल्डरिंग तपासावे. चार सेलची बॅटरी पूर्ण भरल्यावर १६.८ व्होल्ट देते. तिच्या टोकांना ३५ व्होल्टचा, कमी अंतर्गत रोध असलेला कपॅसिटर जोडल्यास व्होल्टेजचे झटके आणि गोंगाट कमी होतो. त्याची धन-ऋण टोके उलटी जोडली, तर तो फुटू शकतो.

नेमका दोष कसा शोधायचा?

आधी चारही पाती काढावीत. हा नियम कधीही मोडू नये. रिमोटची शक्ती सर्वांत कमी ठेवून तीस पावले दूर जावे आणि पडद्यावरची सिग्नलची पातळी लिहून घ्यावी. प्रथम फक्त रिसीव्हर आणि फ्लाइट कंट्रोलर चालू ठेवावेत. मग क्रमाने जीपीएस, कॅमेरा, व्हिडीओ ट्रान्समीटर (त्याचा अँटेना लावूनच) आणि शेवटी मोटारी सुरू कराव्यात. ज्या टप्प्यावर आकडा घसरेल, तिथेच दोष आहे. मग रिसीव्हरची तार जाड तारांपासून दूर न्यावी आणि ओलांडणे भागच असेल, तर काटकोनात ओलांडावी. सिग्नल आणि ग्राउंडच्या तारांना एकमेकींभोवती पीळ द्यावा. एका वेळी एकच बदल करावा, नाहीतर कशाने गुण आला ते कळणार नाही.

मग उड्डाण सुरक्षित होते का?

लगेच नाही. पाती नसताना मोटारी फारसा प्रवाह ओढत नाहीत, त्यामुळे टेबलावरची परीक्षा अपुरी असते. पाती बसवण्याआधी मोटारी चालू असताना रिमोट बंद करून पाहावा. त्या थांबल्या नाहीत, तर ‘फेलसेफ’ची मांडणी चुकली आहे. मग मोकळ्या, निर्मनुष्य मैदानात कमी उंचीवर उडवून नोंद तपासावी. सिग्नल कधी ना कधी तुटणारच. त्या क्षणी फिरती पाती कुणाच्या अंगावर जाऊ नयेत, यासाठी ही अर्ध्या तासाची खटपट असते.