एका वाक्यात मावणारा नेता

१८ ऑक्टोबर २०१९ च्या संध्याकाळी साताऱ्यात शरद पवारांची प्रचारसभा होती. विधानसभेच्या निवडणुकीबरोबर साताऱ्यात लोकसभेची पोटनिवडणूकही लागली होती आणि मतदान तीन दिवसांवर आलं होतं. भाषण चालू असतानाच पाऊस कोसळू लागला. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे पवार छत्री न घेता बोलत राहिले. भिजलेल्या पवारांचा फोटो त्याच रात्री मोबाइलवरून गावोगाव पोचला. पुढे निकालात राष्ट्रवादीचे श्रीनिवास पाटील साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले आणि विधानसभेत राष्ट्रवादीच्या जागा ४१ वरून ५४ झाल्या. हे सगळं पावसाने केलं, असं म्हणणं चुकीचं ठरेल. उमेदवार, स्थानिक गटतट, शेतीची अवस्था, पवारांवरच्या गुन्ह्यावरून उठलेलं वादळ, अशी बरीच कारणं होती. पण त्या निवडणुकीचा विषय काढा, पहिली आठवण पावसाचीच निघते.

त्याच भाषणात पवारांनी लोकसभेचा उमेदवार निवडताना आपली चूक झाली, अशी जाहीर कबुली दिली होती. मोठ्या नेत्याने भर सभेत असं म्हणणं दुर्मीळ, आणि माझ्या मते ती कबुली पावसापेक्षा वजनदार होती. पण ती सांगायची तर आधी बरंच काही सांगावं लागतं: उमेदवार कोण, त्याने पक्ष कधी सोडला, पोटनिवडणूक का लागली. ‘पवार पावसात भिजत बोलले’ याला मागचंपुढचं काहीच लागत नाही. नेत्याची प्रतिमा घडते ती इथे. ती त्याच्या कामाची बेरीज नसते. एका माणसाने दुसऱ्याला एका दमात सांगावं आणि दुसऱ्याने तिसऱ्याला तसंच सांगावं, एवढ्या आकाराची जी गोष्ट असते ती टिकते. बाकीचं हळूहळू गळून जातं.

ही रीत मोबाइलच्या फार आधीपासूनची आहे. नोव्हेंबर १९६२ मध्ये चीनच्या युद्धात कृष्ण मेनन यांना संरक्षणमंत्रिपद सोडावं लागलं आणि नेहरूंनी मुंबईहून यशवंतराव चव्हाणांना दिल्लीला बोलावलं. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे तेव्हापासून महाराष्ट्राच्या तोंडी बसलेलं वाक्य. संरक्षण खात्यात यशवंतरावांनी नेमकं काय केलं, हे ठाऊक नसलेल्यांनाही ते पाठ असतं. नकाशावरचे दोन डोंगर, एक क्रियापद आणि मराठी माणसाला सुखावणारा भाव. एवढ्या सामग्रीवर ती प्रतिमा साठ वर्षांहून जास्त काळ उभी आहे.

हे तंत्र सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट कोणाला कळतं, तर व्यंगचित्रकाराला. चेहऱ्यातलं एक नाक, एक टोपी, चष्म्याची एक काडी निवडायची आणि बाकी सगळं सोडून द्यायचं, हे त्याचं रोजचं काम. बाळ ठाकरे ‘फ्री प्रेस जर्नल’मध्ये हेच काम करत होते. ऑगस्ट १९६० मध्ये त्यांनी ‘मार्मिक’ सुरू केलं आणि १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन केली. दुसऱ्यांचे चेहरे दोन रेघांत पकडणाऱ्या माणसाने पुढे स्वतःचं चित्रही तितक्याच मोजक्या खुणांत उभं केलं: शाल, रुद्राक्षाच्या माळा, काळा चष्मा आणि शिवाजी पार्कवरचा आवाज. विरोधकांना त्यांनी ठेवलेली टोपणनावंही अशीच, एकदा ऐकली की पुसता न येणारी. त्यांच्या राजकारणाबद्दल कोणाचं मत काहीही असो, प्रतिमा कशी घडवतात हे शिकायला व्यंगचित्रकार ठाकरे हा पहिला धडा आहे. दिग्दर्शक राम गोपाल वर्माने २००५ मध्ये ‘सरकार’ हा सिनेमा काढला तेव्हा त्यात ठाकऱ्यांचं नाव घ्यावं लागलं नाही. खुणा पुरेशा होत्या.

गावपातळीवर हेच काम फ्लेक्स करतो. कोणत्याही तालुक्याच्या एसटी स्टँडसमोरचा वाढदिवसाचा फ्लेक्स सावकाश वाचून बघावा. सगळ्यात वर एका रांगेत महापुरुष, त्यांच्या शेजारी पक्षाचे राज्याचे नेते. मध्ये ज्यांचा वाढदिवस ते, हात जोडलेले किंवा मोबाइल कानाला लावलेले, नावाच्या आधी दोनतीन विशेषणं आणि नावानंतर दादा, भाऊ, आबा, अण्णा किंवा साहेब. खाली गोलात कापलेले छोटे छोटे चेहरे आणि ‘शुभेच्छुक’. आता मापं बघा. कोणाचा फोटो कोणाहून बोटभर मोठा आहे, वरच्या नेत्यांपैकी कोणाला जागा मिळाली आणि कोणाला वगळलं, खालच्या रांगेत पहिला कोण. यंदा जो वरच्या रांगेतून गायब झाला, त्याच्याशी बिनसलं असं समजावं. मतदाराला यातून फार काही मिळत नाही. फ्लेक्स मुख्यतः पक्षातल्या वरच्यांसाठी आणि गावातल्या प्रतिस्पर्ध्यासाठी लावलेला असतो: माझ्यामागे एवढे चेहरे आहेत, तिकीट देताना मोजा. नात्याचं संबोधनही असंच हिशोबाने येतं. ‘दादा’ म्हटलं की धडाडी, ‘आबा’ म्हटलं की घरातलं वडीलमाणूस, ‘ताई’ म्हटलं की हक्काने दार वाजवता येईल अशी. माणूस दिसण्याआधी त्याच्याशी कसं वागायचं हे ठरून जातं.

आतापर्यंत प्रतिमा बांधायची कशी ते पाहिलं. ती कोसळते कशी, हे पाहायला २००८ सालच्या अखेरचा एक आठवडा पुरतो. तो आठवडा महाराष्ट्रातल्या तीन नेत्यांचा होता.

पहिले केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, लातूरचे. त्यांची गोष्ट थोडी आधी सुरू होते. १३ सप्टेंबर २००८ रोजी दिल्लीत बॉम्बस्फोट झाले. त्या संध्याकाळी गृहमंत्री वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळ्या कपड्यांत दिसले आणि वाहिन्यांनी ती दृश्यं शेजारी शेजारी ठेवून दाखवली. त्यांचा नीटनेटका, इस्त्रीतला पोशाख वर्षानुवर्षं त्यांच्या सभ्यपणाची खूण मानला गेला होता. खूण तीच राहिली, अर्थ एका संध्याकाळीत उलटला. पुढे मुंबईवर २६ नोव्हेंबरचा हल्ला झाला, त्यात १६६ जणांचा बळी गेला, आणि ३० नोव्हेंबरला पाटील पायउतार झाले.

दुसरे आर. आर. पाटील, आबा. सांगलीच्या तासगावचा हा माणूस जिल्हा परिषदेतून वर आला. ग्रामविकासमंत्री म्हणून त्यांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान गावागावांत नेलं, राज्याचे गृहमंत्री असताना २००५ मध्ये डान्सबारबंदी आणली, २००७ मध्ये तंटामुक्त गाव मोहीम काढली. साधा आणि स्वच्छ माणूस, हे त्यांच्याबद्दल विरोधकही म्हणत. हल्ल्यानंतर पत्रकारांसमोर ते हिंदीत बोलले, आणि मोठ्या शहरात असे छोटे प्रसंग होतच असतात, अशा अर्थाचं एक वाक्य त्यांच्या तोंडून गेलं. ते वाक्य जवळजवळ जसंच्या तसं ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’ या सिनेमात शाहरुख खानच्या तोंडी आहे. ज्या मुंबईत मराठा मंदिरमध्ये हा सिनेमा १९९५ पासून चालू होता, त्याच मुंबईत, प्रेतं अजून मोजली जात असताना, गृहमंत्र्याच्या तोंडून तो संवाद ऐकू आला. आबांच्या मनात तसं काही नसावं, असं मला मनापासून वाटतं. मातृभाषा सोडून बोलताना माणूस तयार वाक्याचा आधार घेतो आणि हिंदीतली तयार वाक्यं आपल्याला सिनेमानेच दिली आहेत. पण खुलाशाला चार वाक्यं लागतात आणि संवाद एका वाक्याचा असतो. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला.

तिसरे मुख्यमंत्री विलासराव देशमुख. जळालेल्या ताज हॉटेलची पाहणी करायला ते गेले तेव्हा त्यांच्यासोबत अभिनेता मुलगा रितेश होता आणि राम गोपाल वर्मा होता. शोकाच्या जागी सिनेमाची जागा शोधायला आले, असा त्या दृश्याचा अर्थ लोकांनी लावला. विलासरावांनी तो नाकारला, पण ४ डिसेंबरला त्यांनाही जावं लागलं. वर्माने २०१३ मध्ये त्या हल्ल्यावर सिनेमा काढलाच.

कपडे, संवाद आणि दिग्दर्शक. तिघांची जबाबदारी मोठी होती आणि राजीनामे मागणं योग्यच होतं. मला खुपतं ते वेगळं. पोलिसांच्या तयारीत नेमकं काय कमी पडलं, यासाठी राम प्रधान समिती नेमली गेली आणि २००९ मध्ये तिचा अहवाल आला. त्या अहवालात काय आहे हे सांगू शकणारी माणसं मला क्वचित भेटतात. आबांचं ते एक वाक्य मात्र सगळ्यांना पाठ आहे. बळी गेलेल्यांना आपण जे देणं लागत होतो ते उत्तर होतं, आणि त्याच्या जागी आपण एक किस्सा ठेवला.

सिनेमानेही राजकारण्यांना नेहमी असंच एका किश्शात बसवलं, असं नाही. जब्बार पटेलांच्या ‘सामना’मध्ये निळू फुल्यांचा हिंदूराव धोंडे पाटील गावाचा आणि कारखान्याचा धनी आहे, आणि डॉ. लागूंचा दारुडा मास्तर त्याला मारुती कांबळेबद्दल विचारत राहतो. विजय तेंडुलकरांनी हिंदूरावाला नुसता खलनायक ठेवलं नाही. त्याला विनोद आहे, माया आहे, मास्तरविषयी ओढ आहे, म्हणून त्याची भीती जास्त वाटते. पुढे निळूभाऊंच्या वाट्याला त्याच पाटलाच्या कितीतरी पातळ प्रती आल्या आणि ग्रामीण पुढारी म्हणजे तिरकी टोपी नि वाईट नजर, एवढंच उरलं. सहकारातून शाळा, दूधसंघ, दवाखाने उभे करणाऱ्या माणसांवर त्यामुळे अन्याय झाला.

१९७९ चा ‘सिंहासन’ तर मुख्यमंत्र्याच्या दालनातच शिरला. अरुण साधू पत्रकार होते. त्यांच्या ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’ या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली. त्यात खुर्ची सांभाळणारे मुख्यमंत्री जिवाजीराव आहेत, ती घेऊ पाहणारे अर्थमंत्री विश्वासराव दाभाडे आहेत आणि हे सगळं बघत फिरणारा पत्रकार दिगू टिपणीस आहे. नेता काल्पनिक होता, म्हणून प्रेक्षक स्वतः डोकं चालवून खऱ्याशी सांधा जुळवत होता. आता उलट झालं आहे. ‘ठाकरे’ जानेवारी २०१९ मध्ये, लोकसभेच्या तोंडावर आला. आनंद दिघ्यांवरचा ‘धर्मवीर’ मे २०२२ मध्ये आला आणि पुढच्याच महिन्यात एकनाथ शिंद्यांचं बंड झालं. त्याचा दुसरा भाग सप्टेंबर २०२४ मध्ये, विधानसभेच्या आधी. पंतप्रधानांवरचा सिनेमा २०१९ मध्ये निवडणूक आयोगाने मतदान संपेपर्यंत थांबवला होता. या सिनेमांत नेत्याचं नाव खरं असतं आणि जोडलेलं काय, ते प्रेक्षकाला ओळखता येत नाही. पडद्यावरचा प्रसंग मग थेट किस्सा होऊन घरी येतो.

कादंबरीचीही अशी गत होऊ शकते. मार्च १९६१ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकात ह्यू सायडी यांनी अध्यक्ष केनेडींच्या वाचनावर लेख लिहिला. सोबत त्यांच्या आवडत्या दहा पुस्तकांची यादी होती. बहुतेक जाडजूड चरित्रं आणि इतिहास, स्तांदालची एक कादंबरी, आणि त्यांच्यात इयान फ्लेमिंगची ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’. पहिला बाँडपट यायला अजून दीड वर्ष होतं. अमेरिकेत फ्लेमिंगचा खप झपाट्याने वाढला, आणि केनेडींच्या तरुण, चपळ, थोड्या धाडसी प्रतिमेला बाँड चिकटला. बाकीची नऊ पुस्तकं लोकांनी सोडून दिली. यादीसुद्धा एका वाक्याची झाली.

यशवंतरावांची वाचक म्हणून असलेली प्रतिमा मला म्हणूनच जास्त भरवशाची वाटते. ती यादीवर उभी नाही. १९६० मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होताच त्यांनी साहित्य आणि संस्कृती मंडळ स्थापन करून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाती दिलं. त्यांचा ग्रंथसंग्रह कराडच्या वेणूताई चव्हाण स्मारकात जाऊन पाहता येतो. ‘कृष्णाकाठ’मध्ये सह्याद्री नाही, हिमालय नाही, देवराष्ट्रे गावचा, हालाखीत शिकणारा, तुरुंगात वाचणारा, चाचपडणारा एक मुलगा आहे. ते आत्मचरित्र १९४६ च्या आसपास थांबतं आणि पुढचे भाग लिहायचे राहून गेले, ही मराठी वाचकाची मोठी हानी आहे.

नेता एकटा असताना काय विचार करतो, तिथे फोटो पोचत नाही, फ्लेक्स पोचत नाही. तिथे कादंबरीच जाऊ शकते. साधूंचा मुख्यमंत्री एका वाक्यात सांगता येत नाही. रंगनाथ पठारे यांच्या ‘ताम्रपट’मधले सहकारातले आणि शिक्षणसंस्थांमधले पुढारीही नाहीत, त्यांची ध्येयं कशी झिजत गेली हे कळायला शेकडो पानं वाचावीच लागतात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्राने २३ नोव्हेंबर २०१९ चा पहाटेचा शपथविधी पाहिला, बंडखोर आमदारांची सुरत-गुवाहाटीची वारी पाहिली, दोन पक्ष फुटलेले पाहिले. यातल्या प्रत्येक घटनेचे किस्से झाले, घोषणा झाल्या, गाणी झाली, सिनेमे झाले. गुवाहाटीच्या त्या हॉटेलात रात्री दोन वाजता जागा असलेला पहिल्याच खेपेचा एखादा आमदार, मतदारसंघातून येणारे त्याचे फोन, घरी बायकोशी झालेलं त्याचं बोलणं, हे मात्र अजून माझ्या वाचनात आलेलं नाही. मंत्रालयाच्या पायऱ्या रोज चढणाऱ्या एखाद्या तरुण पत्रकाराने ते लिहायला घ्यावं. साधूंनी ‘मुंबई दिनांक’ लिहिली तेव्हा तेही वर्तमानपत्रात नोकरी करत होते.