मेश वायफाय बसविले आणि मेल अडली



या पानावर आपण एरवी बेणे, खते, पाण्याच्या पाळ्या आणि खोडव्याची निगा यांविषयी बोलतो. आज घरातल्याच एका नव्या दुखण्याविषयी लिहीत आहोत. फायबरची तार आता वाडी-वस्तीवर येऊन पोहोचली आहे. मोठ्या घरांतून मेश वायफायचे संच बसू लागले आहेत. आणि ते बसविल्यावर "बाकी सगळं चालतंय, मेल तेवढी जात नाही" ही तक्रार आमच्या कानी पडू लागली होती. मग ती आमच्याच घरी येऊन बसली. आमचे चार दिवस त्यात गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून ही हकीकत.

आमचे घर जुने, दोन-दोन फुटी दगडमातीच्या भिंतींचे. राऊटर ओसरीत. माजघरात रेंज निम्मी, मागच्या खोलीत नावालाही नाही. नातवंडे अभ्यासाला उंबऱ्यात बसत. म्हणून जुलैमध्ये तीन डब्यांचा मेश संच आणला. यात एक मुख्य डबी फायबरच्या तारेला जोडतात आणि बाकीच्या दोन तिच्याकडून बिनतारी घेऊन पुढे देतात. घरभर वायफायचे नाव एकच राहते. ज्या पोराने तो बसविला त्याने तासाभरात काम उरकले. मागच्या खोलीत मोबाईलवर भजन लागले, मंडळी खूष झाली.

आता अडचण. आम्ही गावच्या उपसा सिंचन संस्थेचे चिटणीस. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचे लेखापरीक्षण चार महिन्यांत, म्हणजे जुलैअखेर, पुरे व्हावे लागते. तपासनिसांनी बजावले होते की, २९ तारखेच्या संध्याकाळपर्यंत जमाखर्च, बँकेचा उतारा आणि पावत्यांची फाईल मेलवर आलीच पाहिजे. लेखापरीक्षण अडले की सर्वसाधारण सभा अडते, आणि सभा अडली की नव्या मोटारीचा ठराव अडतो. सत्तर-ऐंशी घरांचे पाणी त्या मोटारीवर. संच बसला २५ तारखेला. त्याच रात्री आम्ही फाईल जोडून मेल धाडली. "पाठवीत आहे" असे दिसले आणि ते तसेच राहिले. सकाळी उठून पाहतो तर अजून "पाठवीत आहे"!

यापुढे आम्ही जे केले ते तुम्ही करू नका. आम्हांला वाटले, पासवर्ड बिघडला असेल. तो बदलला. त्याने मूळ दुखणे गेले नाहीच, उलट संगणकावरची येणारी मेलही बंद पडली. त्याचे कारण मागाहून कळले. आमचा संगणक जुना, त्यातला मेलचा कार्यक्रमही जुना. मे २०२२ पासून गुगलने अशा जुन्या कार्यक्रमांना नेहमीचा पासवर्ड चालविणे बंद केले. त्यांच्यासाठी खात्यातून सोळा अक्षरांचा वेगळा 'ॲप पासवर्ड' काढून द्यावा लागतो. आणि खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की आधी काढलेले सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात. म्हणजे एक फुटलेला पाइप शोधताना आम्ही दुसरा स्वतःच्या हाताने फोडला.

दुसरी चूक याहून वाईट होती. इंटरनेटवर मदतीचा नंबर शोधला आणि पहिला दिसला तो फिरविला. पलीकडचा माणूस फार गोड बोलला. म्हणाला, मोबाईलवर एक ॲप घ्या, म्हणजे मला तुमचा पडदा दिसेल; मग येईल तो ओटीपी सांगा, दहा रुपये भरले की मेल सुरू. सूनबाई शेजारी उभ्या होत्या, त्यांनी फोन हातातून काढून घेऊन बंद केला. मेल सुरू करण्यासाठी ओटीपी किंवा पैसे कोणी मागत असेल तर तो चोरच समजावा. नंबर नेहमी बिलावरचा घ्यावा. कोणी फसलेच, तर वेळ न दवडता १९३० या सायबर तक्रारीच्या नंबरवर कळवावे. जितके लवकर तितके पैसे अडविता येण्याची आशा जास्त.

२८ तारखेला रात्री पुण्याच्या भाच्याला फोन लावला. तो या धंद्यातला आहे. त्याने आमचे सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "मामा, पाइपलाइनला पाणी येत नसलं तर तुम्ही काय करता? पहिल्यांदा मोटार खोलता का?"

"नाही. चेंबर चेंबर बघत जातो, पाणी कुठपर्यंत आलंय ते."

"मग हितंही तेच करा. मोबाईलचं वायफाय बंद करा, डेटा चालू करा, आन तीच मेल तीच फाईल जोडून पाठवून बघा."

मोबाईलच्या डेट्यावरून मेल गेली! पासवर्ड बदलल्यावर मोबाईलवर नव्याने लॉगिन केले होते, ते कामी आले. एवढ्या एका गोष्टीने निम्मी शोधाशोध संपली. खाते ठीक, पत्ता ठीक, फाईल ठीक. खोट आहे ती घरच्या वायफायच्या वाटेत. ही परीक्षा दोन मिनिटांची आहे आणि ती आम्ही पहिल्या रात्रीच करायला हवी होती. खरे तर फाईल गेली म्हणजे आमचे काम झाले होते, पण पावत्यांचा दुसरा गठ्ठा संगणकातच होता, आणि रोज डेट्यावर किती दिवस काढणार?

मग भाच्याने विचारले, "नुसती दोन ओळींची मेल वायफायवरून जाती का?"

हे आम्ही पाहिलेच नव्हते. भाच्याने सांगितले तसा नवा ॲप पासवर्ड काढून संगणकात घातला आणि "नमस्कार" एवढेच लिहून स्वतःलाच धाडले. गेले. फाईल जोडून धाडले. अडले. फाईल चार एमबीची, आणि मेलबरोबर पंचवीस एमबीपर्यंत चालते, तेव्हा वजनाचा प्रश्न नव्हता.

"मामा, तुमची ट्रॉली कमानीखाली अडकली," भाचा म्हणाला.

हे नीट समजून घेण्यासारखे आहे. इंटरनेटवर कोणतीही फाईल अखंड जात नाही. तिचे लहान लहान तुकडे करून ते एकामागून एक धाडतात, जसा फडातला ऊस ट्रॉल्या भरभरून जातो. घरातल्या जाळ्यावर एका ट्रॉलीत जास्तीत जास्त १५०० बाइट माल भरतात. पण बऱ्याच फायबरवाल्यांच्या जोडणीत नाव-पासवर्ड घालून लॉगिन करावे लागते. या पद्धतीला पीपीपीओई म्हणतात. ती १९९९ सालची आहे. तिच्यात प्रत्येक ट्रॉलीवर ८ बाइटचे जास्तीचे वेष्टन चढते. म्हणून आत माल १४९२ बाइटच भरावा लागतो. भरलेली ट्रॉली १५०० ची असली तर ती कमानीत अडकते. दोन ओळींच्या मेलची ट्रॉली अर्धी रिकामी असते, ती खालून सुटते. फाईलच्या ट्रॉल्या मात्र काठोकाठ भरलेल्या.

आता कोणी विचारील, अडकली तर मागे निरोप नको का यायला, की बाबांनो, माल कमी भरा? तसा निरोप देण्याची सोय आहे. पण वाटेतल्या काही यंत्रांत सुरक्षेच्या नावाखाली असले निरोप अडविलेले असतात. मग संगणक तीच ट्रॉली पुन:पुन्हा पाठवीत राहतो आणि पडद्यावर "पाठवीत आहे" दिसत राहते.

जुन्या राऊटरवर हे का होत नव्हते? कारण लॉगिन फायबरवाल्यांच्या डबीतच होते आणि तिच्यात आकडा बरोबर होता. मेश बसविताना ती डबी नुसती तार पुढे देणारी केली गेली आणि लॉगिन मेशच्या मुख्य डबीत घातले. ते घालताना बसविणाऱ्या पोराने एमटीयू नावाच्या रकान्यात हाताने १५०० भरले. मोठा आकडा तो चांगला, असे त्याला वाटले असावे. आम्हीही त्याच्या जागी तेच केले असते.

भाच्याने खात्री करून घेतली. संगणकावर 'पिंग' म्हणून एक हुकूम असतो. ठरावीक मापाचा तुकडा, न तोडता, पलीकडे धाडून उत्तर येते का ते पाहायचे. १४७२ चा तुकडा धाडला, उत्तर नाही. १४६४ चा धाडला, लगेच उत्तर. प्रत्येक तुकड्याला २८ बाइटचे ओझे वेगळे असते, म्हणजे १४६४ अधिक २८ बरोबर १४९२. हिशोब चोख जुळला. घरात कॉलेजचे पोरगे असेल तर त्याला "पिंगने एमटीयू तपास" एवढे सांगा, त्याला उमजेल. मेशच्या ॲपमध्ये इंटरनेटच्या सेटिंगमध्ये जाऊन १५०० चे १४९२ केले, डबी बंद करून चालू केली. अडकलेली मेल मिनिटभरात निघून गेली.

सगळ्यांचे दुखणे हेच असेल असे नाही. डेट्यावरूनही मेल जात नसेल तर वायफायला बोल लावू नका. पासवर्ड बघा, आणि खाते भरले आहे का ते बघा. गुगलचे फुकटचे १५ जीबी मेल, फोटो आणि ड्राइव्ह मिळून असतात, लग्नाच्या व्हिडिओंनी ते कधी भरतात कळत नाही. वायफायवर छोटी मेलही जात नसेल आणि संगणकात जुना मेलचा कार्यक्रम असेल, तर जाणाऱ्या मेलचा पोर्ट पाहा. तिथे २५ असेल तर तो बदलून ५८७ किंवा ४६५ करा. नको त्या जाहिरातींच्या मेली सुटू नयेत म्हणून २५ चे दार पुष्कळ कंपन्या बंद ठेवतात. मेशच्या ॲपमध्ये मुलांसाठी किंवा सुरक्षेसाठी गाळणी चालू असेल तर दहा मिनिटे बंद करून पाहा. लाइट जाऊन-येऊन संगणकाची तारीख मागे गेली असली तरी मेल नकार देते. हे फार जण विसरतात. जुना राऊटर तसाच चालू ठेवून मेश त्याच्या मागे लावला असेल, तर मेल बहुधा चालते, पण प्रिंटर आणि कॅमेरे एकमेकांना सापडत नाहीत. दोहोंपैकी एकानेच राऊटरचे काम करावे.

आणि डब्यांच्या जागेविषयी. आम्ही दुसरी डबी जिथे रेंज मुळीच नव्हती तिथे ठेवली होती. उपशाच्या लाइनवर मधली मोटार जिथे पाणी अजून पोहोचते आहे तिथेच बसवावी लागते, कोरड्या टोकाला बसवून ती काय ओढणार? डबी अर्ध्या वाटेवर ठेवा, पत्र्याच्या कपाटामागे किंवा पाण्याच्या टाकीआड नको.

२९ तारखेला दुपारी पावत्यांचा गठ्ठा संगणकावरून, वायफायवरून धाडला. संध्याकाळी तपासनिसांचे उत्तर आले: फाईल मिळाली, मार्चच्या वीजबिलाची पावती जोडलेली नाही. ती कपाटात सापडली, स्कॅन केली आणि जेवायच्या आधी पाठवून दिली.