सशाचे प्रतिपिंड आणि मानवी फॉस्फेटेज : नाव, ओळख व पडताळणी

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे तालुके नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर उसासाठी प्रसिद्धीस आले आणि पुढे तेथे दुग्धव्यवसायही बळावला. दुधाचे पाश्चरीकरण नीट झाले की नाही, हे ठरविण्याची दूधशाळांतील प्रमाणभूत चाचणी फॉस्फेटेजची होय. कच्च्या दुधात अल्कलाइन फॉस्फेटेज हे विकर स्वभावतःच असते. दूध ७२ अंश सेल्सियसला १५ सेकंद तापविले म्हणजे रोगजंतू मरतात, आणि त्यांच्याहून किंचित चिवट असलेले हे विकरही निकामी होते. पॅरा-नायट्रोफिनाइल फॉस्फेट हा रंगहीन पदार्थ दुधात मिसळल्यावर पिवळा रंग उमटला, तर विकर अद्याप कार्यक्षम आहे व दूध पुरेसे तापलेले नाही, असे अनुमान निघते.

या चाचणीत विकराची ओळख त्याच्या कर्मावरून पटते. रेणूवरील फॉस्फेटचा गट तोडणे हे फॉस्फेटेजचे कर्म. दुधाच्या बाबतीत एवढी ओळख पुरते. मानवी पेशीच्या बाबतीत ती पुरत नाही. मानवात प्रथिन-टायरोसिन फॉस्फेटेजांच्या एकाच कुलाची सुमारे १०७ जनुके नोंदली गेली आहेत; इतर कुले निराळीच. फॉस्फेट तोडणारे अनेकजण एकाच पेशीत वावरत असता, कोणी तोडला हे केवळ रंगावरून सांगता येत नाही. म्हणून कर्माऐवजी रूपावरून ओळखणारे साधन लागते. ते साधन म्हणजे प्रतिपिंड.

परकी वस्तू शरीरात शिरली असता तिच्या पृष्ठभागावरील विशिष्ट आकारांना चिकटणारी प्रथिने रक्तात निर्माण होतात. त्यांना प्रतिपिंडे म्हणतात. सशाला एखादे प्रथिन किंवा त्याचा तुकडा काही आठवड्यांच्या अंतराने टोचीत गेल्यास त्याच्या रक्तरसात त्या प्रथिनाविरुद्धची प्रतिपिंडे साचतात. ती एकाच पेशीच्या वंशातून आलेली नसतात. अनेक पेशीवंश प्रत्येकी निराळ्या आकारास निराळ्या बळाने धरणारी प्रतिपिंडे स्रवतात, आणि हाती येते ते त्यांचे मिश्रण. या मिश्रणासच पॉलिक्लोनल म्हणतात. १९७५ मध्ये कोहलर व मिलस्टाइन यांनी एकाच पेशीवंशाचे, म्हणजे मोनोक्लोनल, प्रतिपिंड मिळविण्याची रीत दाखविली. तरीही पॉलिक्लोनल मागे पडले नाही. कारण लक्ष्याचा एक भाग झाकला गेला तरी मिश्रणातील दुसरी प्रतिपिंडे उरलेल्या भागास धरू शकतात.

अशा मिश्रणाचे एक उदाहरण उसाच्या फडात राबणाऱ्यांस परिचित आहे. सर्पदंशावरील प्रतिविष हे घोड्याला विष टोचून मिळविलेले पॉलिक्लोनल द्रव्यच होय. भारतीय प्रतिविषावर नाग, मण्यार, घोणस व फुरसे ही चार नावे असतात. परंतु त्यासाठी लागणारे विष दीर्घकाळ मुख्यतः तामिळनाडूत, १९७८ मध्ये स्थापन झालेल्या इरुळा सर्पपकड सहकारी संस्थेकडून आलेले आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, हे आता सिद्ध झाले आहे. प्राण वाचविण्यास प्रतिविष अपरिहार्यच आहे; तथापि वेष्टनावर ‘घोणस’ हा शब्द आहे म्हणून इंदापुरातील घोणशीच्या विषावर ते तितक्याच बळाने चालेल, हे केवळ शब्दावरून सिद्ध होत नाही. घोड्याने ‘घोणस’ हा शब्द पाहिलेला नसतो. त्याने एका विशिष्ट विषाचे रेणू पाहिलेले असतात.

संशोधनाच्या कुपीवरील नावही याच न्यायाने वाचले पाहिजे. ‘सशाचे, मानवी पीटेनविरुद्धचे, पॉलिक्लोनल प्रतिपिंड’ या नावात तीन विधाने आहेत : प्रतिपिंड कोणत्या प्राण्याने घडविले, कोणत्या लक्ष्यासाठी घडविले, आणि ते एकजिनसी आहे की मिश्र. पहिले व तिसरे विधान निर्मितीचा इतिहास सांगतात. दुसरे विधान निर्मात्याचा हेतू सांगते. हे प्रतिपिंड अन्य कशालाही चिकटत नाही, असे चौथे विधान या नावात कोठेही नाही. वाचक मात्र ते आपल्या पदरचे घालतो, आणि चुकीच्या निष्कर्षाचा उगम बहुधा तेथेच होतो.

पीटेनचे उदाहरण अनेक अंगांनी बोधप्रद आहे. हे फॉस्फेटेज अर्बुदांची वाढ रोखणारे असून अनेक कर्करोगांत ते नष्ट झालेले आढळते. १९९७ मध्ये तीन संशोधक गटांनी ते स्वतंत्रपणे शोधले आणि त्यास पीटेन, एम्.एम्.ए.सी.-१ व टी.ई.पी.-१ अशी तीन नावे मिळाली. यांपैकी टी.ई.पी.-१ हे संक्षिप्त नाव टेलोमरेज या विकराशी संबद्ध अशा एका सर्वस्वी भिन्न प्रथिनासही आहे. एका वस्तूस तीन नावे आणि एका नावाच्या दोन वस्तू, असा हा दुहेरी घोटाळा. जुने निबंध चाळताना किंवा प्रतिपिंड मागविताना केवळ संक्षेपावर विसंबणे म्हणूनच धोक्याचे असते.

दुसरी अडचण सशाच्या बाजूची. पीटेन ४०३ अमिनो आम्लांचे असून मानव व उंदीर यांच्या पीटेनमध्ये त्यांपैकी एकच आम्ल निराळे आहे. सस्तन प्राण्यांत इतक्या कमी बदललेल्या प्रथिनास सशाचे शरीर सहसा परके मानीत नाही, आणि जे परके नाही त्याविरुद्ध प्रतिपिंडे दुबळीच निपजतात. यावर उपाय म्हणून प्रथिनाचा एक लहान तुकडा कृत्रिम रीतीने बनवून तो एका सागरी गोगलगायीच्या रक्तातील हीमोसायनिन या मोठ्या प्रथिनास जोडतात व मग टोचतात. त्यामुळे प्रतिसाद जोमदार होतो. पण त्यातील बराच भाग हीमोसायनिनविरुद्धचा असतो. म्हणून तोच तुकडा बसविलेल्या स्तंभातून रक्तरस गाळून हवी ती प्रतिपिंडे वेगळी काढावी लागतात. त्यानंतरही हाती येते ते त्या तुकड्यास धरणारे मिश्रण. तशाच आकाराचा तुकडा दुसऱ्या प्रथिनात असल्यास तेही धरले जाईल.

हा धोका काल्पनिक नाही. फॉस्फेटेजाबाहेरचे एक उदाहरण पुरेसे आहे. इस्ट्रोजेन-ग्राही बीटा या प्रथिनासाठी वापरली जाणारी तेरा प्रतिपिंडे स्वीडनमधील संशोधकांनी तपासली आणि २०१७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. तेरांपैकी एकच विश्वसनीय ठरले, आणि त्या एकाने पाहता स्तनाच्या निरोगी वा कर्करोगग्रस्त ऊतींत हे प्रथिन आढळलेच नाही. वर्षानुवर्षांच्या संशोधनाचा पाया त्यामुळे संशयास्पद ठरला. त्याआधी, २०१६ मध्ये, एका आंतरराष्ट्रीय गटाने पडताळणीचे पाच मार्ग सुचविले होते : लक्ष्याचे जनुक काढून पाहणे, प्रतिपिंडाविना केलेल्या मापनाशी तुलना करणे, लक्ष्याच्या निराळ्या भागास धरणारे दुसरे प्रतिपिंड वापरणे, खूण जोडलेले प्रथिन पेशीत घडविणे, आणि प्रतिपिंडाने पकडलेली वस्तू द्रव्यमान-वर्णपटाने ओळखणे.

यांतील पहिला मार्ग पीटेनच्या बाबतीत सुलभ आहे. पीसी-३ या मानवी प्रोस्टेट-कर्करोगाच्या पेशींतून पीटेनचे जनुक लोपलेले आहे. त्या पेशींचा अर्क आणि पीटेन असलेल्या पेशींचा अर्क शेजारी-शेजारी लावून वेस्टर्न ब्लॉट केल्यास एकीत पट्टा दिसला पाहिजे व दुसरीत दिसता कामा नये. पट्ट्याचे स्थानही पाहावे. गणिताने या प्रथिनाचे वजन सुमारे ४७ किलोडाल्टन येते. जेलवर मात्र ते ५४ च्या आसपास दिसते. पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रात पेशीवंशांचा राष्ट्रीय संग्रह असल्याने बारामतीसारख्या ठिकाणी पदव्युत्तर प्रकल्प करणाऱ्यांसही अशा तुलनेचा विचार करता येतो.

आणखी एक दक्षता या विषयापुरती विशेष आहे. सशाचे प्रतिपिंड डोळ्यांना दिसत नाही. ते दाखविण्यासाठी सशाच्या प्रतिपिंडास धरणारे शेळीचे प्रतिपिंड वापरतात, आणि त्यास पुष्कळदा अल्कलाइन फॉस्फेटेजच जोडलेले असते. म्हणजे शोधावयाची वस्तू फॉस्फेटेज आणि शोधाचा दिवाही फॉस्फेटेज! ऊतीच्या छेदात तिचे स्वतःचे अल्कलाइन फॉस्फेटेज कार्यक्षम असेल तर प्रतिपिंडाविनाच रंग उमटतो. गुरांच्या जंतनाशकात वापरले जाणारे लेव्हामिसोल ते बव्हंशी रोखते, परंतु आतड्यातील प्रकारावर त्याचा विशेष परिणाम होत नाही. यास्तव पहिले प्रतिपिंड वगळून केलेला एक छेद प्रत्येक प्रयोगात असलाच पाहिजे.

शेवटी दूधशाळेतील चाचणीकडे पाहिले असता दोन्ही साधनांची मर्यादा स्पष्ट होते. उष्णतेने निकामी झालेल्या विकरातही प्रतिपिंडास ओळखीचा तुकडा शिल्लक असू शकतो. तेव्हा प्रतिपिंड ‘आहे’ म्हणेल आणि रंगाची चाचणी ‘नाही’ म्हणेल. दोन्ही उत्तरे खरी असतील, कारण प्रश्न भिन्न आहेत. प्रबंधात ‘फॉस्फेटेज आढळले’ असे लिहिताना रूप आढळले की कर्म, हे सांगणे आवश्यक ठरते. त्यासोबत प्रतिपिंडाचा निर्माता, सूचिक्रमांक व खेपेचा क्रमांकही नोंदवावा; कारण एका सशाचे रक्त संपले की दुसरा ससा येतो, आणि कुपीवरचे नाव तेच राहिले तरी आतील मिश्रण तेच राहत नाही.