टपालाने आलेली तबकडी : ठेवावी की परत करावी?

दुकानात जाणारा ग्राहक वस्तू उलटसुलट पाहून मगच पैसे मोजतो. टपालाने माल मागवणाऱ्याला ही सोय नसते. पैसे आधी जातात, माल मागून येतो. जुन्या ध्वनिमुद्रिका आजही अशाच घरपोच मागवल्या जातात. खोका चेपलेला आला तर माल परत करावा की ठेवून घ्यावा, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या माझ्या मामांवर हा प्रसंग आला. ग्वाल्हेर म्हणजे ख्यालगायकीचे माहेरघर. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी हीच गायकी आपल्या मुलखात आणली. मल्लिकार्जुन मन्सूर मिरजेला नीळकंठबुवांकडे शिकले तेही याच परंपरेतले. पं. कृष्णराव शंकर पंडित १९८९ साली निवर्तले. तेव्हा असे गाणे आता ध्वनिमुद्रणांतूनच ऐकायचे. मामांनी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून तीन जुन्या तबकड्या मागवल्या. ऐन उन्हाळ्यात, सुमारे बाराशे किलोमीटरचा प्रवास करून पार्सल आले. खोक्याचा कोपरा दबलेला होता आणि एका तबकडीचे पुठ्ठ्याचे वेष्टन शिवणीवर उसवले होते. मामी म्हणाल्या, “पैसे पुरे मोजलेत, मग फाटके का घ्यायचे?” मामांना मात्र तबकडी हातची जाऊ द्यायची नव्हती.

अशा वेळी नुकसान कोठवर पोहोचले आहे, हे प्रथम पाहावे. त्याचे तीन थर असतात. पहिला थर बाहेरच्या खोक्याचा. खोका मार खाण्यासाठीच असतो. तेवढ्यावरून माल परत करणे उचित नव्हे. दुसरा थर वेष्टनाचा. त्याच्या पाठीवर राग, ताल, साथीदार यांची माहिती असते, आणि संग्राहक वेष्टनाची प्रत तबकडीहून वेगळी ठरवतात. म्हणून वेष्टन फाटले की वस्तूची किंमत खरोखरच उतरते. तिसरा थर प्रत्यक्ष तबकडीचा. उन्हाने तबकडी वाकली असेल, तर ती फिरताना सुई खालीवर होताना दिसते. लाखेच्या जुन्या तबकडीला केसाएवढी चीर गेली, तरी दर फेऱ्याला ‘टक्’ असा आवाज येतो. मिनिटाला ७८ फेरे म्हणजे ७८ वेळा! असे गाणे ऐकवत नाही.

आता कायद्याकडे वळू. मालविक्री अधिनियम, १९३० याच्या कलम ४१ प्रमाणे, माल तपासण्याची वाजवी संधी मिळेपर्यंत ग्राहकाने तो स्वीकारला असे मानले जात नाही. परंतु वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला, तर कलम ४२ नुसार तो स्वीकारला असे ठरते. म्हणजे गप्प बसणे हाच होकार! कलम ४३ तर अनेकांना ठाऊकही नसते. नकार देण्याचा हक्क असलेल्या ग्राहकाने नकार कळवला की पुरे. वेगळा करार नसेल तर माल परत पोचवण्याचे बंधन त्याच्यावर नाही. वाहतुकीच्या हवाली केलेला माल सामान्यतः ग्राहकाला मिळाला असे समजतात. तथापि विक्रेत्याने पाठवणीचा वाजवी बंदोबस्त केला नसेल, तर कलम ३९ प्रमाणे ग्राहक ती जबाबदारी नाकारू शकतो. याशिवाय ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार तक्रार ग्राहकाच्या राहत्या जिल्ह्यातच दाखल करता येते. ग्वाल्हेरच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

हक्क आहे म्हणून तो बजावलाच पाहिजे असे मात्र नाही. येथे हिशेब करावा. समजा, तबकडीची किंमत १,००० रुपये आहे, आणि वेष्टन फाटल्याने ती ७५० रुपयांची राहिली. तोटा २५० रुपयांचा. ती परत पाठवायची तर नवे खोके आणि टपालखर्च आला, शिवाय परतीच्या प्रवासात धड तबकडीही फुटण्याची भीती. माल नवा असेल आणि दुसरी प्रत मिळणार असेल, तर बदलून घेणे बरे. जुनी, दुर्मीळ वस्तू मात्र एकदा गेली की पैसे परत मिळतात, गाणे मिळत नाही. अशा वेळी किंमत कमी करून मागणे हा मधला मार्ग.

मामांनी तेच केले. त्याच दिवशी खोक्याची व वेष्टनाची छायाचित्रे काढली, तिन्ही तबकड्या वाजवून पाहिल्या आणि विक्रेत्याला सविस्तर लिहिले. विक्रेत्याने प्रथम टपालखात्याकडे बोट दाखवले. परंतु तबकडी वेष्टनाच्या आतच ठेवून पाठवली होती. प्रवासात ती आत सरकते आणि तिच्या कडेने शिवण उसवते. जाणकार विक्रेते म्हणूनच तबकडी बाहेर काढून वेष्टनाच्या मागे ठेवतात. छायाचित्रात हे दिसत असल्याने विक्रेत्याला ते मान्य करावे लागले, आणि काही रक्कम परत आली. मामी मात्र अजूनही म्हणतात, पूर्ण पैसे मिळायला हवे होते.

तात्पर्य, पार्सल येताच ते उघडावे, खोका टाकू नये, तबकडी एकदा पूर्ण वाजवून पाहावी आणि जे काही कळवायचे ते लेखी व लवकर कळवावे. तबकडीच बिघडली असेल तर ती नाकारावी, वेष्टन बिघडले असेल तर किंमत कमी करून मागावी, आणि नुसता खोका चेपला असेल तर निवांतपणे गाणे ऐकावे.