मागच्या स्प्रॉकेटला दाते किती असावेत? चढ, चिखल आणि गिअरचे गणित

बुलडाणा : पावसाळा सुरू झाला की जिल्ह्यातील पांदण रस्त्यांवर मोटारसायकलची खरी परीक्षा सुरू होते. घाटाखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात काळी चिकण माती, घाटावर मुरूम आणि उघडे पडलेले दगड, तर उत्तरेकडे जळगाव जामोद व संग्रामपूर तालुक्यांत सातपुड्याचे चढ. युरियाची 45 किलोची गोणी मागे बांधून असा चढ चढताना पहिल्या गिअरमध्येही इंजिन गुदमरते, क्लच अर्धवट दाबून धरावा लागतो आणि क्लच प्लेट जळण्याची वेळ येते. चढाच्या मध्यावर गाडी बंद पडून मागे घसरली, तर प्रसंग जिवावर बेततो. यावर 'मागची चक्री मोठी करा', असा सल्ला नेहमी दिला जातो. तो कितपत योग्य आहे, हे ठरविण्यासाठी थोडे गणित समजून घेणे आवश्यक आहे.

गुणोत्तर म्हणजे काय?

मागच्या स्प्रॉकेटच्या दात्यांना पुढच्या दात्यांनी भागले की अंतिम गुणोत्तर मिळते. पुढे 14 व मागे 42 दाते असतील तर ते 3 होते. म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी पुढचे स्प्रॉकेट तीन वेळा फिरते. मागे 45 दाते बसविल्यास गुणोत्तर सुमारे 3.21 होते आणि चाकाला मिळणारा जोर सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. मात्र हा जोर फुकट मिळत नाही. पूर्वी ज्या फेऱ्यांवर गाडी ताशी 60 किलोमीटर धावत असे, त्याच फेऱ्यांवर ती आता 56 नेच धावते. पक्क्या रस्त्यावर इंजिनचा आवाज वाढतो आणि पेट्रोलही अधिक लागते.

पुढचा एक दाता कमी करून 13 केल्यास जवळपास हाच परिणाम कमी खर्चात साधतो. परंतु लहान चक्रीवर चेन अधिक वाकते व लवकर झिजते. म्हणून कायमच्या वापरासाठी मागचे दाते वाढविणे अधिक हितावह ठरते.

कंपन्याही हाच मार्ग अवलंबतात. हिरो कंपनीने 2019 मध्ये बाजारात आणलेल्या एक्सपल्स 200 या गाडीच्या भारत स्टेज 6 आवृत्तीत मागचे दाते 39 वरून 40 केले. एका दात्याचा फरक अडीच टक्क्यांच्या आसपास असतो. त्यामुळे एकदम पाच-सहा दाते वाढविण्याची घाई करू नये.

चिखलात उपयोग किती?

येथेच अनेकांची फसगत होते. मोठ्या स्प्रॉकेटने जोर वाढतो, पकड वाढत नाही. दगडी चढावर टायरला पकड असते, पण इंजिन कमी पडते. तेथे दोन-तीन दाते वाढविल्याचा फायदा ताबडतोब जाणवतो. उतारावरही इंजिनचा रोध वाढल्याने ब्रेकवरील ताण हलका होतो. काळ्या मातीत मात्र उलट घडते. जोर पुरेसा असतो, पकडच नसते. वाढीव जोराने चाक जागच्या जागी फिरून अधिक रुतते. तेथे खोल नक्षीचा टायर आणि वरच्या गिअरमधील संथ चाल हेच उपयोगी पडते. चिखल अडकून चाक जाम होत असेल, तर दोष मडगार्ड व टायरमधील अपुऱ्या अंतराचा असतो, स्प्रॉकेटचा नव्हे.

बदल करताना

मागे तीन दाते वाढविल्यास 428 मापाच्या चेनवर मागचे चाक साधारण 10 मिलिमीटर पुढे ओढून घ्यावे लागते. ॲडजस्टरमध्ये तेवढी जागा नसेल, तर दोन कड्या जास्त असलेली चेन घ्यावी. जुनी ताणलेली चेन नव्या चक्रीवर चढवू नये. ती नवे दातेही खाऊन टाकते. चेन व दोन्ही स्प्रॉकेट एकत्रच बदलावेत. बंद चेनकव्हर असलेल्या गाडीत मोठी चक्री कव्हरला घासत नाही ना, हे चाक हाताने फिरवून पाहावे. चेनचा सैलपणा गाडीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणे ठेवावा. गाडी वॉरंटीत असल्यास आधी विक्रेत्याला विचारणे शहाणपणाचे ठरते.

अखेर निर्णय रोजच्या वाटेवर अवलंबून आहे. दररोज खामगाव किंवा चिखलीचा पक्का रस्ता आणि आठवड्यातून एकदा शेताची फेरी असेल, तर कंपनीने दिलेले दातेच उत्तम. रोजच ओझे घेऊन डोंगर चढायचा असेल, तर दोन किंवा तीन दाते वाढवावेत. केवळ हौसेसाठी रानात गाडी घालणाऱ्यांनी मात्र अंबाबरवा व ज्ञानगंगा ही अभयारण्ये आहेत, याचे भान ठेवावे. तेथे परवानगीवाचून प्रवेश करता येत नाही.