बेर्तँसाहेबांची बोटं

गेल्या महिन्यात एका घरून फोन आला. आजोबांच्या वर्षश्राद्धाला तैलचित्र हवं होतं. ॲडव्हान्सही ठरला. आठवड्यानं नातवाचा निरोप : "काका, राहू द्या, कॉम्प्युटरवर झालं." वर कौतुकानं ते मला पाठवलंही. शहाऐंशी वर्षांच्या माणसाच्या कपाळावर एक आठी नाही!

तेव्हापासून फ्रेंच चित्रकार अँग्रचा बेर्तँ डोक्यात घर करून आहे. १८३२ सालचं चित्र. लुई-फ्रान्स्वा बेर्तँ म्हणजे पॅरिसच्या 'झुर्नाल दे देबा' या वजनदार दैनिकाचा कर्ताधर्ता, वय ६६. अँग्रला त्याची बैठकच सापडेना. उभा करून पाहिला, जमेना. चित्रकार रडकुंडीला आला म्हणतात. मग एकदा गप्पांच्या भरात गुडघ्यांवर पंजे रोवून बसलेला बेर्तँ दिसला आणि चित्र तिथंच ठरलं. केस विस्कटलेले, जाकीट पोटावर ताणलेलं, बोटं खेकड्याच्या नांग्यांसारखी. लेकीला म्हणे ते रुचलं नाही. बाप गबर शेतकरी दिसतो म्हणाली.

पुढची पन्नासेक वर्षं मी सोडून देतो. पॅरिसच्या 'सलों' प्रदर्शनांच्या भिंतींवर काळे कोट, पदकं, मिशा. तोवर कॅमेराही आला होता.

माझं दशक त्याच्याही खूप पुढचं, १९८०चं. कलाशाळेत 'अकॅडेमिक', म्हणजे अशी जुन्या वळणाची हुबेहूब चित्रकला, ही तेव्हा शिवी होती. ग्रंथालयातल्या एका पुस्तकातला कृष्णधवल बेर्तँ समोर ठेवून मी तीन आठवडे नुसता उजवा हात गिरवत होतो. आमचे एक सर मागून येऊन म्हणाले, "स्टुडिओ टाक, पासपोर्ट फोटो काढ." वर्ग हसला. १९८६मध्ये पॅरिसच्या जुन्या रेल्वे स्टेशनात ऑर्से संग्रहालय उघडलं, गोदामांतले अकॅडेमिक चित्रकार भिंतींवर आले, आणि याच सरांनी 'पुनर्मूल्यांकन' या विषयावर तासभर व्याख्यान झोडलं. मी मागच्या बाकावर होतो. मी हसलो नाही, एवढंच.

त्या वर्गातला मॉडेल म्हातारा अकरा वाजता हटकून पेंगायचा. मान कलली की पंधरा इझलांमागून एकच हाक : "बाबा!" आता तिथं टर्पेंटाइनचा वास नाही, मॉनिटरांची रांग आहे.

पुस्तकातल्या बेर्तँच्या खुर्चीवर एक पांढरा ठिपका होता. छपाईचा दोष समजून मी तो गाळला होता. पुढं कधीतरी लूव्रमध्ये मूळ चित्रासमोर उभा राहिलो, तर ती खिडकी निघाली. गुळगुळीत लाकडात उमटलेली, चौकटीसकट.

आजोबांचं चित्र छातीपाशीच संपतं. नातवाला विचारलं, हात कुठायत?

"फोटोत नव्हतेच, काका."